न्हाणीच्या पाण्यावरची बाग

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण आपल्या शहरास मिळाली ती इथल्या भरभराटीच्या व्यापारपेठेमुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या पाळण्याला एके काळी हिरवी झालरही होती, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. इंग्रजी अमदानीत जी गॅझेटियरे सिद्ध झाली त्यांत जालन्याच्या फळबागांची मुद्दाम नोंद केलेली आढळते. कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, पलीकडे कादराबाद, आणि पश्चिमेस मोती तलाव अशी शहराची ठेवण. या पाण्याच्या आधारावर इथे बागा पिकत आणि त्यांतली फळे मुंबईस व हैदराबादेस जात. आज मोतीबागेत संध्याकाळी मुलांना घेऊन जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणींच्या मनात येत असेल, की ‘बाग’ हा शब्द या गावात इतका जुना आहे?

तथापि ज्या बागेविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत ती ही नव्हे. सरदारांनी तलाव बांधले, सरकारने बागा केल्या, त्यांची नोंद दफ्तरांतून झाली. घराच्या मागल्या दारी, न्हाणीच्या सांडपाण्यावर, कोणा सासुरवाशिणीने दोन अळूचे कांदे पुरले आणि दोडक्याचा वेल माळवदावर चढवला, त्याची नोंद कोण करणार? परसबागेला दफ्तर नाही. तिचा इतिहास इकडून तिकडून वेचून जुळवावा लागतो, आणि तो जुळवू लागले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. अल्प श्रमाची, अल्प पाण्याची बाग म्हणून आज जे काही नवे म्हणून सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे आपल्या मागल्या पिढ्यांतील बायका निमूटपणे करीतच होत्या. त्यांना वेळही नव्हता आणि पाणीही नव्हते. मग बाग सोपी नसेल तर ती होणारच कशी?

लिखित आधार पाहू गेल्यास आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाकडे जावे लागते. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली घनसावंगी तालुक्यातील जांब गावी झाला. दासबोध, मनाचे श्लोक हे आपण जाणतो. परंतु समर्थांनी ‘बाग प्रकरण’ नावाची एक लहानशी रचना केली आहे, हे पुष्कळ भगिनींस ठाऊक नसते. बागेत काय काय लावावे, त्या झाडाझुडपांची, वेलींची, फळाफुलांची ती एक लांबलचक यादीच आहे. त्यात उपदेश नाही की अध्यात्म नाही, नुसती नावे. आणि गंमत अशी, की आरंभ होतो तो गुलाबमोगऱ्याने नव्हे, तर काट्यांनी. सागरगोट्यासारखी काटेरी झाडे आधी, आणि मग बाकीची. ज्याने कधी बाग केली आहे, निदान डोळसपणे पाहिली आहे, त्यालाच हे सुचेल. आधी कुंपण, मग झाड. नाहीतर सारे शेळीच्या पोटात. बोहल्यावरून निघून गेलेल्या या पुरुषाने घरदार केले नाही, पण बागेची यादी मात्र एखाद्या कर्त्या गृहिणीसारखी केली, याचे आम्हां बायकांना थोडे हसू येते आणि पुष्कळ कौतुकही वाटते.

ती यादी वाचताना आणखी एक विचार मनात येतो. आज आपण ज्यांना अगदी घरची झाडे समजतो, त्यांतली निम्मीअधिक पाहुणी आहेत. तुळस, तगर, शेवगा, कढीलिंब ही इथली. पण मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. तिच्या आधी आपल्या आज्या-पणज्या तिखटासाठी मिऱ्यांवर व आल्यावर विसंबून होत्या. टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ हीदेखील त्याच बाजूची. दसऱ्याला दाराला तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोकडचा, संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीही अमेरिकेचीच. सदाफुली मादागास्कर बेटातली, आणि गुलमोहोरही तिथलाच. दारोदार कमानीवर चढणारी बोगनवेल ब्राझीलची; बूगेनव्हिल नामक फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली जगप्रदक्षिणेस निघाला, त्याच्या सफरीत ती युरोपीय लोकांच्या दृष्टीस पडली म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. कोणत्या जहाजातून, कोणत्या बंदरातून, कोणाच्या ओटीतून ही झाडे घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात पोचली ते सांगता येणार नाही. पण शेवटचा टप्पा मात्र निश्चित सांगता येतो. तो म्हणजे शेजारणीच्या अंगणातून आपल्या अंगणात. फांदी मोडून दिली, मूठभर बी पदराला बांधून दिले, माहेराहून परतताना रोप मुळाशी चिखल लावून आणले. जी झाडे अशा हस्ते-परहस्ते प्रवासात टिकली तीच परसात राहिली, आणि जी नाजूक होती ती वाटेतच गळाली. म्हणून जुन्या परसातली झाडे चिवट असतात. त्यांची निवड शास्त्रज्ञांनी केली नाही, दुर्लक्षाने केली.

सदाफुलीविषयी एक शब्द अधिक. हिला पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावीत नाहीत, आणि फुले बारा महिने. त्यामुळे तिची कोणी किंमतच करीत नाही. परंतु याच झाडापासून १९५० नंतरच्या दशकात जी द्रव्ये वेगळी केली गेली, त्यांपासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधे तयार झाली आणि जगभरच्या असंख्य लेकरांचे प्राण वाचले. (घरी तिचा काढा करून कोणी पिऊ नये, ती विषारी आहे.)

आता जुन्या घराची मांडणी डोळ्यांसमोर आणा. पुढे सारवलेले अंगण, मध्ये वृंदावन, एका बाजूला फार तर पारिजातक नाहीतर जास्वंद. मागे परस, त्यात आड, न्हाणी, एका कोपऱ्यात उकिरडा. आपल्या भागातील घरे धाब्याची, म्हणजे मातीच्या माळवदाची. भोपळ्याचे बी टाकावयाचे ते उकिरड्याच्या कडेला, आणि वेल चढवावयाचा तो भिंतीवरून माळवदावर. खत आपोआप, मांडव आपोआप, राखणही आपोआप. न्हाणीच्या मोरीतून जे पाणी वाहत जाई त्याच्या वाटेवर आधी कर्दळ आणि अळू, कारण त्यांना ओल कितीही चालते; पुढे केळ; आणि पाणी जिथे जवळजवळ संपे तिथे शेवगा किंवा लिंबू. यात एक उतरती व्यवस्था आहे. ज्याला जास्त पाणी हवे ते मोरीजवळ, ज्याला कमी ते दूर. आज शहरांतून बागेची आखणी करणारे तज्ज्ञ हेच तत्त्व कागदावर रेघा मारून समजावून सांगतात.

आपल्या जिल्ह्यात हे शहाणपण गरजेतून आले. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सारा जून ते सप्टेंबरात. माती काळी, पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात हाताची बोटे जातील इतक्या भेगांची. आडाचे पाणी पोहऱ्याने शेंदून काढायचे ते बायकांनी. ज्या बाईने पन्नास पोहरे शेंदून घर चालवले, तिच्याकडून झाडासाठी एक्कावन्नावा पोहरा शेंदला जाणे शक्य नव्हते. बाग करावयाची तर ती एकदा वापरलेल्या पाण्यावरच. माठ फुटला, की त्याचा बूड शाबूत असलेला भाग झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवावयाचे, म्हणजे ते पाझरत राहते, ही युक्तीही जुनीच. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीविषयक ग्रंथात तिचे वर्णन आहे. महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब गळणारे अभिषेकपात्र रोज पाहणाऱ्या आपल्या बायकांना ती कोणा चिन्याने शिकवावी लागली नसावी. ठिबक सिंचनाचे कारखाने इस्राएलात १९६५ साली निघाले आणि पुढे आपल्या जळगावापर्यंत आले.

याच काळात जालन्याने बागेचा दुसरा एक नमुनाही पाहिला. १८०३ साली भोकरदनच्या बाजूला असईची लढाई झाली, इंग्रजी फौजा या मुलखात आल्या, आणि १८२७ साली जालन्यास छावणी वसली. ती १९०३ पर्यंत होती. छावणी म्हणजे बंगले, आणि बंगला म्हणजे पुढे हिरवळ, कडेने कापलेले कुंपण, ओळीने कुंड्या. विलायतेत बारमाही रिमझिम पाऊस पडतो, तेथे हिरवळ आपोआप वाढते. तिचे काम फक्त कापणे. गवत कापण्याचे यंत्रही तिकडे १८३० मध्येच निघाले. इथे मात्र तीच हिरवळ राखण्यासाठी माळी हवा, भिस्ती हवा, आणि विहिरीवर मोट हवी. साहेब गेले, भिस्ती गेले. तरीही घरापुढे हिरवळ असली म्हणजे घर प्रतिष्ठित, ही समजूत मागे राहिली ती अजून गेलेली नाही. आमच्या मते मराठवाड्यात घरापुढे हिरवळ लावणे ही चैन आहे, आणि शेजारच्या गल्लीत टँकर येत असेल तर ती थोडी लाजिरवाणी चैन आहे. सारवलेले अंगण, रांगोळी, पार आणि वृंदावन हीसुद्धा घराभोवतालच्या जागेची सुंदर रचनाच होती, आणि तिला पाणी लागत होते सड्यापुरते.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि आपला भाग मोकळा झाला. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. १९५२ च्या गांधीजयंतीपासून समूहविकास योजना आली, तिच्यामागोमाग ग्रामसेविका आल्या, आणि गावोगाव महिला मंडळे निघू लागली. त्या काळच्या मंडळांच्या कामाच्या यादीत शिवण, साक्षरता, बिनधुराची चूल यांच्या जोडीला परसबाग हटकून असे. १९६० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने पोषण आहाराचा कार्यक्रम आला, त्यातही शाळेची बाग आणि घरची बाग यांवर भर होता. परसबाग हा शब्द सरकारी कागदावर आला तो बहुधा इथून. ही चांगलीच गोष्ट झाली. पण एक चमत्कारिक प्रकारही झाला. आजवर बायका जे आपणहून करीत होत्या तेच त्यांना शिकविण्यासाठी बाहेरून माणसे येऊ लागली, आणि शिकविताना बियांची पाकिटे वाटू लागली. पाकीट मिळाले की मग गाडग्यातले बी ठेवण्याचे कारण उरत नाही.

गाडग्यातल्या बियाण्याची ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. पिकलेला पहिला किंवा दुसरा उत्तम दोडका वेलावरच वाळू द्यावयाचा. वांग्याचे बी राखेत चोळून सुकवावयाचे. वालाचे दाणे राख व कडुनिंबाचा पाला घालून गाडग्यात भरावयाचे आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकावयाचे. हे सारे काम बाईचे. शेतातही कपाशी-तुरीच्या ओळींत अंबाडी, वाळूक, शेंदाड यांच्या चार बिया टाकणारी तीच. धान्याचे बी पुरुषाच्या हाती असेल, पण भाजीचे बी बायकांच्या हाती होते, आणि त्या बियाण्यावर तिची थोडी सत्ता होती. कोणाला द्यावयाचे, कोणाला नाही, हे ती ठरवी.

आणि याच जालन्यात बियाण्यांचा तो मोठा उद्योग उभा राहिला! हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत तयार झालेली ‘पुसा सावनी’ नावाची भेंडीची जात घेऊन इथे बीजोत्पादन केले, आणि १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. पुढे आणखी कंपन्या निघाल्या, आणि जालना म्हटले की बियाणे असे समीकरण देशभर झाले. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला व २००१ मध्ये पद्मभूषण. म्हणजे एका भेंडीने या गावाचे नाव जगाच्या नकाशावर नेले. सुधारित बियाण्याने पीक वाढले, शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, रोगाने वेलच्या वेल जळण्याचे प्रमाण कमी झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. संकरित बियाण्यासाठी कळीतले पुंकेसर अलगद काढून दुसऱ्या दिवशी परागकण लावण्याचे नाजूक काम हजारो फुलांवर करावे लागते, आणि ते करणारे हात बहुतांशी बायकांचेच असतात, हेही इथे नमूद केले पाहिजे. पुरस्कारांच्या बातम्यांत ते हात कुठे दिसत नाहीत.

पण संकरित भेंडीचे बी धरून ठेवून पुढल्या वर्षी पेरले तर तशीच भेंडी येत नाही. ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. व्यापारी शेतीस ते परवडते. परसातल्या दोन सऱ्यांसाठी मात्र घरचे गावरान बीच सोयीचे. देशाला बी पुरविणाऱ्या या गावात आज किती घरांत वालाचे गाडगे आहे? आम्ही आमच्या गल्लीत सहज चौकशी केली. वृद्ध स्त्रियांना आठवत होते, सुनांना ठाऊक नव्हते. नगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जमवून जतन केली, त्याबद्दल २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जे आपल्या आजीने कर्तव्य म्हणून केले त्याचा राष्ट्रीय सन्मान व्हावा, इतके ते दुर्मीळ होऊन बसले आहे.

दुष्काळांचाही या इतिहासात वाटा आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या बायकांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. त्या साली परसबागेचे नाव कोण काढणार? १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागले आणि जिल्ह्यात मोसंबी फोफावली. पुढे २०१६ मध्ये ‘जालन्याची मोसंबी’ म्हणून तिला भौगोलिक मानांकनही लाभले. पण त्याआधीच्या २०१२-१३ च्या अवर्षणात याच मोसंबीच्या वाळलेल्या बागा शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तोडल्या. कडवंचीसारख्या ज्या गावाने आधीच पाणलोटाची कामे करून ठेवली होती त्याने मात्र बागा वाचवल्या. शहरात त्या साली नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येई, निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव आटला होता, आणि २०१३ मध्ये पैठणहून जायकवाडीचे पाणी आले तेव्हा कोठे शहराने श्वास सोडला. त्या उन्हाळ्यात कुंड्यांतल्या नाजूक झाडांचे काय झाले ते सांगावयास नको. शेवगा, कढीलिंब, कोरफड, बोगनवेल आणि पाचोळ्याखाली दडलेले अळूचे कांदे तेवढे शिल्लक राहिले. पहिल्या पावसाला अळू पुन्हा वर आले. ज्या भगिनी नव्याने बाग करू पाहतात त्यांनी रोपवाटिकेतली रंगीत यादी बाजूस ठेवून ही यादी आधी हाती घ्यावी.

आता परस राहिलेले नाहीत, हे खरे. माळवदे जाऊन स्लॅब आले, अंगणात फरशी आली, न्हाणीचे पाणी थेट गटारात जाते. त्यात आणखी एक बदल झाला आहे, तो कमी लक्षात येतो. पूर्वी न्हाणीच्या पाण्यात असे शिकेकाई, रिठा, भांड्यांची राख. आज असते कपड्यांची पावडर. ते पाणी झाडांना सोसत नाही. तेव्हा जुन्या बायकांची रीत जशीच्या तशी न उचलता तिच्यात निवड केली पाहिजे. तांदूळ-डाळ धुतलेले, भाज्या धुतलेले, पिण्याच्या हंड्यातले शिळे पाणी कुंड्यांना. साध्या अंघोळीचे कर्दळ, अळू वा केळीला. आणि पावडरीचे गटारातच जाऊ द्यावे. कुंडीवर वाळल्या पाल्याचा चार बोटे थर ठेवला तर उन्हाळ्यातही एक दिवसाआड पाण्यावर बऱ्याचशा झाडांचे भागते. काळी माती कुंडीत नुसती भरू नये, ती विटेसारखी घट्ट होते. तिच्यात निम्मे शेणखत आणि थोडी वाळू हवी. जागा केवळ खिडकीएवढी असेल तर पुदिना, गवती चहा, ओवा. गच्ची असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत दोडका किंवा वाल लावून दोरीवर चढवावा; जुनी माळवदे जे करीत होती तेच गच्ची करील. फरशीतली एक चौकोनी लादी काढून तिथे कढीलिंब लावता येतो. घरातील पुरुषमंडळी पायाला धोका पोचेल म्हणून कुरकुर करतील. शेवगा भिंतीपासून लांब लावावा, कढीलिंबाचा त्रास नाही.

एका सूचनेचा उल्लेख इथे करावासा वाटतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे लुटतो. त्याऐवजी घरच्या वेलावरच्या वालाच्या, दोडक्याच्या, भोपळ्याच्या बियांची कागदी पुडी लुटावी. पौषात दिलेले बी उन्हाळी भाजीसाठी माघात लावता येते, आणि राहिलेले राख घालून झाकून ठेवले तर मृगापर्यंत टिकते. पुडीवर बियाण्याचे नाव आणि ते कोणाच्या घरचे आहे ते लिहावे. यासाठी यंदाच्या पावसाळ्यातच प्रत्येकीने वेलावर एक दोडका न तोडता वाळू द्यावा लागेल. तेवढा एक घरच्यांपासून राखणे हेच काय ते अवघड काम आहे.